संहिता वाचून सामान देणारे गोदाम: एका विद्यार्थी दिग्दर्शिकेचे परीक्षण

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून नौपाड्यात शिरले की एका आडगल्लीत, जुन्या दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर, नाटकाचे सामान भाड्याने देणारे एक गोदाम आहे. ते चालवणाऱ्या दांपत्याला सगळे नाटकवाले काका-काकू म्हणतात. त्यांना प्रसिद्धी नको असते, म्हणून दुकानाचे नाव मी येथे लिहिलेले नाही. शहरातील महाविद्यालयांच्या नाट्यमंडळांत चौकशी केली तर पत्ता सहज मिळतो. लेव्हल (मंचावर उंची देणारे लाकडी चौथरे), फ्लॅट (भिंतीसाठी उभ्या करायच्या चौकटी), विंगांचे म्हणजे मंचाच्या दोन्ही बाजूंच्या आडोशांचे काळे पडदे, दिवे, त्यांचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर, कपडेपट, विग, दाढीमिशा, कंदील, पाळणा, तबकडीचा काळा टेलिफोन, लाकडी तलवारी असे सगळे तेथे भाड्याने मिळते. शाळेत असताना आमच्या बाईंसोबत मी तेथे प्रथम गेले, आणि आज महाविद्यालयाच्या एकांकिका दिग्दर्शित करताना त्याच गोदामातून सामान नेते. नाटक बसवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर हे दुकान काय देते आणि कोठे कमी पडते हे तपशिलाने सांगितले, तर स्नेहसंमेलनाची जबाबदारी अंगावर पडलेल्या शिक्षकांना आणि पहिल्यांदाच एकांकिका बसवणाऱ्या मुलामुलींना त्याचा उपयोग होईल, असे मला वाटते.

या दुकानाचा सर्वांत मोठा गुण तेथील विचारपूस हा आहे. सामानाची यादी घेऊन गेलेल्या माणसाची यादी काका बाजूला ठेवतात आणि नाटक कशाबद्दल आहे ते विचारतात. संहिता बरोबर असेल तर चष्मा लावून ती चाळतात. मग एकेक प्रश्न येतो. एका वेळी रंगमंचावर जास्तीत जास्त पात्रे किती? कोण कोठून येतो? कोण बसतो, कोण खाली झोपतो? दाराचा उपयोग नाटकात किती वेळा होतो? प्रयोग कोणत्या सभागृहात आहे, सामान लावायला वेळ किती आणि हात किती? या प्रश्नांना उत्तरे देता देता यादीतील बऱ्याच वस्तू आपोआप गळतात, कारण त्या केवळ रंगमंच भरलेला दिसावा म्हणून लिहिलेल्या असतात. भाड्याच्या धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर ही पद्धत तोट्याची आहे. तरीही काकांनी ती सोडलेली नाही, आणि मला दिग्दर्शनाचे म्हणून जे काही कळू लागले आहे त्यातील बराच भाग या प्रश्नांनी मला शिकवला, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. वस्तू रंगमंचावर आली की ती कोणाच्या तरी कृतीचा भाग झाली पाहिजे, हे तत्त्व वर्गात ऐकणे निराळे आणि आपल्याच यादीतील कपाट एका प्रश्नाने बाद होताना पाहणे निराळे.

शाळांच्या दृष्टीने या दुकानाचे मोल अधिकच आहे. नववीत असताना आमच्या वर्गाचे नाटक बाईंनी माझ्याकडे सोपवले होते. ठाण्यातल्या बहुतेक मराठी शाळांप्रमाणे आमच्याही शाळेत संमेलनासाठी वेगळे नाट्यगृह नव्हते. प्रार्थनेच्या सभागृहात लाकडी मंच होता, समोर सतरंज्या होत्या, आणि नाटकात शक्य तितकी मुले घ्यावीत अशी शाळेची रास्त अपेक्षा होती. संमेलन समितीने मोठ्या दिव्यांची भलीमोठी मागणी लिहून दिली होती. काकांनी ती वाचून प्रथम सभागृहातील विजेची जोडणी कशी आहे ते विचारले. त्या मागणीतला एक पार दिवा, म्हणजे रंगमंचावरचा हॅलोजन झोतदिवा, १००० वॉटचा असतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो साधारण सव्वाचार अँपिअर वीज ओढतो. म्हणजे १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर असे तीनच दिवे सुरक्षितपणे चालू शकतात, चौथा लावला की मर्यादा ओलांडली जाते. हा हिशेब त्यांनी पावतीच्या मागच्या बाजूला मांडून बाईंच्या हातात दिला, आणि शाळेच्या वायरिंगची तपासणी करून घेतल्याशिवाय तिनापेक्षा जास्त दिवे देणार नाही असे स्पष्ट सांगितले. हॅलोजन दिव्याचे तोंड भयंकर तापते, त्यामुळे तो पडद्यापासून आणि कागदी सजावटीपासून पुरेशा अंतरावर कसा बांधायचा, हेही त्यांनी दाखवले. मुलांच्या कार्यक्रमाला सामान देणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने एवढी काळजी घेतली पाहिजे. प्रत्यक्षात किती जण घेतात, हे पालकांनी आपापल्या शाळेत एकदा विचारून पाहावे.

तीन दिव्यांत नाटक करायचे म्हटल्यावर उजेड कोठे हवा याचा विचार करणे भाग पडले. दोन दिवे समोरून तिरपे, एक बाजूने, आणि जत्रेच्या प्रसंगात मुलांच्या हातात कंदील, अशी रचना काकांच्या सल्ल्याने ठरली. बाजूच्या दिव्याने मुलांच्या चेहऱ्यांना उठाव आला आणि कंदिलांमुळे गर्दी आपोआप हलती राहिली. शालेय नाटकाविषयी बोलताना आपल्याकडे हौस, कौतुक, मुलांचे धीट होणे यांविषयी पुष्कळ बोलले जाते, पण ते नाटक म्हणून नीट बसवण्याचा आग्रह फार थोड्यांनी धरला. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’च्या माध्यमातून मुलांसाठी पूर्ण तयारीची रंगभूमी उभी केली. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, मुलांची नाटके बसवत होत्या. पुढे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या त्या एक प्रमुख आधार ठरल्या आणि त्याच शाळेच्या सभागृहात मराठी प्रायोगिक रंगभूमीची चळवळ वाढली. शाळेचे सभागृह आणि गंभीर नाटक यांच्यात आपण मानतो तेवढे अंतर नाही, याचा हा ठळक पुरावा आहे. या दुकानात नववीच्या मुलीच्या नाटकाला जे प्रश्न विचारले गेले तेच आज माझ्या एकांकिकेला विचारले जातात, ही गोष्ट म्हणूनच मला महत्त्वाची वाटते.

मुलांचा कपडेपट काकू सांभाळतात. डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक शाळेला मावळे हवे असतात, आणि त्यांच्याकडे अंगरखे, सुरवारी, शेले, पगड्या लहान मुलांच्या मापांत उपलब्ध असतात. कपडे नेण्यापूर्वी त्या मुलांची उंची आणि छातीचे माप कागदावर मागवतात. अंदाजे दिलेली मापे स्वीकारत नाहीत. मुलांच्या कपड्यांना त्या टाचण्या लावू देत नाहीत. नाड्या आणि वेल्क्रो लावून देतात, कारण पळापळीच्या प्रसंगात टाचणी सुटली की मुलाला इजा होते. पगडीच्या आत मऊ पट्टी शिवलेली असते. हे सगळे पैसे मोजून मिळणाऱ्या सेवेच्या पलीकडचे आहे. शाळांना भाडे निम्मे आकारण्याचाही त्यांचा रिवाज आहे.

अकरावी-बारावीची वर्षे मी येथे आवर्जून लिहीत नाही. त्या काळात दुसऱ्यांच्या नाटकांना पडद्यामागे हात लावणे एवढेच माझे काम होते, आणि गोदामाशी संबंध सामान आणण्या-पोहोचवण्यापुरता होता.

महाविद्यालयात आल्यावर कामाचे स्वरूप बदलते. शाळेचे नाटक एका दिवसाचे असते. एकांकिका एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेत फिरते. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा चालू आहे, मुंबई-ठाण्याकडे आयएनटी (इंडियन नॅशनल थिएटर) आणि लोकांकिका या स्पर्धा, विद्यापीठाचा युवा महोत्सव आणि २५ जानेवारीची रात्र जागवणारी सवाई एकांकिका स्पर्धा असे टप्पे असतात. काही स्पर्धांची प्राथमिक फेरी नेपथ्य, रंगभूषा आणि प्रकाशयोजना यांच्याविना, तालमीच्या स्वरूपात घेतली जाते. पुढच्या फेरीत मात्र तीच एकांकिका पूर्ण साजासह उभी करावी लागते, आणि तीही दोन प्रयोगांच्या मधल्या मोजक्या मिनिटांत. येथे विद्यार्थी दिग्दर्शकाची खरी अडचण सुरू होते. संवाद, हालचाली, लय यांवर त्याने महिनोन्‌महिने मेहनत घेतलेली असते, परंतु तालीम वर्गातले बाक सरकवून झालेली असते. एक फूट उंचीची लेव्हल चढताना नटाचा श्वास आणि वाक्य यांचे काय होते, हे त्याला रंगीत तालमीशिवाय कळण्याचा मार्ग नसतो, आणि नाट्यगृह घेऊन रंगीत तालीम करणे बहुतेक नाट्यमंडळांना परवडत नाही.

या अडचणीवर गोदामाने काढलेला उपाय हे माझ्या मते त्याचे सर्वांत मोलाचे काम आहे. मागच्या बाजूला सामान रचून उरलेली मोकळी जागा आहे. तेथे काका फरशीवर खडूने रंगमंचाची आखणी करून देतात, विंगांच्या जागा दाखवतात, आणि ज्या लेव्हल भाड्याने न्यायच्या आहेत त्या प्रत्यक्ष मांडून तालीम करू देतात. याचे वेगळे पैसे ते घेत नाहीत. रात्री नऊनंतर आवाज चढवायचा नाही एवढीच अट आहे, कारण वर कुटुंबे राहतात. आमच्या एकांकिकेत चाळीतील एक गॅलरी होती. गॅलरी म्हटल्यावर फ्लॅट, खिडक्या, रंगवलेली भिंत असा माझा नेपथ्यकार मित्र विचार करत होता. खडूच्या आखणीवर सहा बाय तीन फुटांच्या लेव्हल एका रांगेत मांडल्या, समोर फक्त एक लाकडी कठडा ठेवला, आणि नटांना त्यावरून चालायला लावले, तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आले की अरुंद जागेत दोन माणसांना एकमेकांना वाट देताना जे अंग चोरावे लागते, तेच त्या नाटकातील शेजाऱ्यांच्या संबंधांचे चित्र आहे. भिंतीची गरज उरली नाही. माझी हालचालींची आखणी त्या संध्याकाळनंतर पुष्कळ बदलली: आधी बोलत बोलत ओलांडून जाणारी पात्रे आता बोलायच्या आधी थांबू लागली.

लेव्हलची अवस्था मात्र सारखी नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. काही नव्या आहेत, त्यांच्या प्लायला काळा रंग ताजा आहे आणि पाय घट्ट बसतात. काही जुन्या लेव्हल पाऊल ठेवताच करकरतात, आणि शांत प्रसंगात तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. काका त्यावर जाड गालिचा ठोकून देतात, सांध्यांत रबराचे तुकडे घालतात. तरीही आपल्याला कोणत्या लेव्हल मिळणार हे नोंदणीच्या वेळीच बघून, त्यांवर खडूने खूण करून घ्यावी असा माझा सल्ला आहे. नेपथ्य लावण्याची सवय करून देण्यात मात्र त्यांचा हात कोणी धरणार नाही. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, त्या क्रमाने टेम्पोत चढवणे, उलट्या क्रमाने उतरवणे, बोल्ट कोणाच्या खिशात आणि पाना कोणाच्या हातात, हे सगळे ते पडद्यामागच्या मुलांकडून घड्याळ लावून करून घेतात. अंधारात फ्लॅट कोसळू नये म्हणून मागच्या टेकूवर वजन ठेवल्याशिवाय पुढचा माणूस हलायचा नाही, हा त्यांचा नियम आमच्या मंडळाने कायमचा उचलला आहे. पडद्यामागे काम करणाऱ्या मुलांना इतक्या आदराने वागवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दिग्दर्शकाला नावाने हाक मारतात, पण सामान उचलणाऱ्या मुलाला आधी चहा विचारतात.

दिव्यांच्या बाबतीत माझे मत संमिश्र आहे. मोठ्या नाट्यगृहांत दिव्यांची व्यवस्था असतेच, त्यामुळे गोदामाचे दिवे मुख्यतः महाविद्यालयाच्या सभागृहातील प्रयोगांसाठी किंवा एखाद्या खास जागेसाठी लागतात. त्यांच्याकडचे हॅलोजन दिवे आणि जुने डिमर उत्तम राखलेले आहेत. हॅलोजनचा प्रकाश मुळातच उबदार, सुमारे ३२०० केल्व्हिनचा असतो, आणि डिमरने कमी करत नेला की तो अधिकाधिक तांबूस होत विझतो. संध्याकाळ, म्हातारपण, सरत जाणारी आठवण अशा प्रसंगांना हा उतार फार उपकारक ठरतो. गेल्या काही वर्षांत त्यांनी एलईडी पार घेतले आहेत. ते हलके आहेत, वीज कमी खातात, फारसे तापत नाहीत आणि दिव्यासमोरचा रंगीत जिलेटिन पेपर न बदलता हवा तो रंग देतात. शाळांनी डोळे मिटून तेच न्यावेत. परंतु या विशिष्ट दिव्यांत लाल, हिरवा, निळा मिसळून तयार होणारा पांढरा प्रकाश माणसाच्या त्वचेवर निर्जीव दिसतो, आणि अगदी मंद पातळीवर दिवा सावकाश विझण्याऐवजी एकदम बंद होतो. मोबाइलवर चित्रण केले तर पट्टेही दिसतात. वास्तववादी एकांकिकेत चेहऱ्यांसाठी हॅलोजन आणि पार्श्वभूमीसाठी एलईडी अशी विभागणी करावी. आम्ही तशी केली आणि ती उपयोगी पडली. चांगल्या प्रतीचे एलईडी आणि एखादा प्रोफाइल स्पॉट (नेमक्या जागेवर रेखीव उजेड टाकणारा दिवा) त्यांनी घ्यावा, अशी विनंती मी त्यांना प्रत्यक्षही केली आहे.

मोठ्या माणसांचा कपडेपट मुलांच्या कपडेपटाइतका समृद्ध नाही. धोतरे, कोट, टोप्या, शिवलेल्या नऊवारी, पोलिसांचे आणि डॉक्टरांचे पोशाख भरपूर आहेत, पण स्त्रियांच्या पोशाखांत मोठी मापे फार कमी मिळतात. यामुळे पात्रयोजना करताना मनावर नकळत दडपण येते, आणि कपडा मिळत नाही म्हणून नटी बदलण्याचा विचार कोणाच्या मनात येणे हे मला अत्यंत गैर वाटते. आमच्या एकांकिकेतील आईच्या भूमिकेसाठी काकूंनी स्वतःच्या कपाटातील सुती लुगडे काढून दिले आणि ते कसे नेसायचे हे त्या मुलीला दोन वेळा नेसवून दाखवले. हे त्यांचे मोठेपण झाले, दुकानाची सोय नव्हे. विगांविषयी नापसंती नोंदवलीच पाहिजे. ते जुने झाले आहेत, आतल्या जाळीला आधीच्या रंगभूषेचा वास असतो, आणि धुलाईचे पैसे घेऊनही तो जात नाही. विग टाळता आला तर टाळावा, केसांची रचना बदलून किंवा पांढऱ्या रंगाचा हलका हात देऊन वय दाखवावे. रंगभूषेचे सामान ते भाड्याने देत नाहीत, विकत देतात, आणि स्पंज प्रत्येकाचा वेगळा असावा असा काकूंचा आग्रह असतो. ठाण्याच्या दमट हवेत आधी थंड पाण्याने चेहरा धुऊन, कोरडा करून, मग पॅनकेकचा, म्हणजे चेहऱ्याला द्यायच्या मूळ रंगाचा, पातळ थर द्यावा, हा त्यांचा सल्ला आमच्या नटांनी पाळला आणि प्रयोग संपेपर्यंत कोणाचा रंग ओघळला नाही.

ध्वनीचे सामान येथून घेऊ नये. जे स्पीकर आहेत ते भाषणाला ठीक आहेत. पार्श्वसंगीतातील बारकावे त्यांतून ऐकू येत नाहीत.

वाहतुकीच्या बाबतीत ठाणे शहरापुरती सेवा भरवशाची आहे. मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन गोदामापासून जवळ आहे, आणि १९७८ पासून ठाणेकरांच्या नाट्यजीवनाचे केंद्र असलेल्या त्या वास्तूत कोणत्या दारातून सामान चढवायचे, हे काकांच्या माणसांना पाठ आहे. हिरानंदानी मेडोजकडच्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाकडे जाताना रस्त्यावरील गर्दीचा अंदाज धरून ते टेम्पो लवकर काढतात. नवी मुंबईसाठी मात्र सावध राहावे. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातील प्रयोगाला आमचा छोटा हत्ती टेम्पो उशिरा पोहोचला. सामान वेळेवर तयार होते, पण गाडी त्यांची स्वतःची नव्हती, बाहेरून ठरवलेली होती, आणि चालक आधीची फेरी संपवून उशिरा आला. त्यात कळवा-दिघा-ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रस्त्यावरची संध्याकाळची कोंडी पदरी पडली. आम्ही मुले ट्रान्स-हार्बर लोकलने आधीच वाशीला पोहोचून रिकाम्या मंचाकडे पाहत बसलो होतो. नेपथ्य कसेबसे उभे राहिले, परंतु दिव्यांचे कोन तपासायला वेळ मिळाला नाही आणि दोन प्रसंग अर्धवट उजेडात झाले. काकांनी वाहतुकीचे पूर्ण पैसे परत केले. तरी स्पर्धेत गेलेली वेळ पैशाने भरून येत नाही, म्हणून खाडीपलीकडच्या प्रयोगासाठी गाडी आपणच ठरवावी आणि सकाळीच निघावे.

व्यवहार सरळ आहे. भाडे दिवसावर नसून प्रयोगावर असते, त्यामुळे आदल्या दिवशी सामान नेऊन दुसऱ्या दिवशी परत केले तरी एकाच प्रयोगाचे पैसे पडतात. अनामत साधारण भाड्याएवढीच घेतात आणि सामान तपासून लगेच परत देतात. मोडतोड झाली तर दुरुस्तीचा खर्च लावतात, पण तो दाखवून लावतात. आमच्या कठड्याची पट्टी फुटली तेव्हा सुताराला समोर बसवूनच हिशेब केला. पावत्या मात्र अजून हाताने लिहिलेल्या असतात आणि वस्तूंचा तपशील त्यांत त्रोटक असतो. महाविद्यालयाच्या लेखा विभागाला व्यवस्थित बिल लागते. ते आग्रहाने मागून, वस्तूनिहाय लिहून घ्यावे, नाहीतर परतावा अडकतो आणि भुर्दंड नाट्यमंडळातील मुलांच्या खिशाला बसतो.

एक गोष्ट त्यांच्या धंद्याचा भाग नसूनही ते करतात. लेखकाचे लेखी परवानगीपत्र घेतले का आणि प्रयोगासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या, राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवली का, हे नोंदणीच्या वेळीच विचारतात. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना या दोन्ही गोष्टींची कल्पना नसते. शाळेत कोणीतरी वहीत उतरवलेले नाटुकले बाई आणून देतात आणि ते कोणाचे हा प्रश्नच उद्भवत नाही. एकांकिकेच्या जगात लेखकाची परवानगी आणि मंडळाचे प्रमाणपत्र हे पाया असतात, आणि ऐन वेळी कागद नाही म्हणून प्रयोग थांबण्यापेक्षा तालीम सुरू होण्यापूर्वी धावपळ केलेली बरी. मंचनासाठी संहिता शोधणाऱ्यांना काका ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे पाठवतात. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत जुन्या नाटकांची पुस्तके हाती लागतात, आणि स्पर्धेत गाजलेली तीच ती एकांकिका पुन्हा उचलण्यापेक्षा तेथे एक दुपार घालवणे फलदायी ठरते, असा माझाही अनुभव आहे.

ज्यांना मोठ्या बजेटचे, चकचकीत, तयार नेपथ्य हवे आहे, ज्यांच्याकडे स्वतंत्र प्रकाशयोजनाकार आणि नेपथ्यकार आहेत, त्यांना मुंबईतील मोठे पुरवठादार अधिक सोयीचे पडतील. तेथे सामान नवे असते आणि संख्या मुबलक असते. इंटरनेटवरून पोशाख मागवण्याची सोयही आता आहे, आणि नृत्याच्या कार्यक्रमांना ती पुरेशी आहे. परंतु ज्या दिग्दर्शकाला आपल्या नाटकाला नेमके काय हवे हे अजून शोधायचे आहे, ज्याच्याकडे पैसे कमी आणि तालमीला जागा नाही, त्याने प्रथम या गोदामात जावे असे मी ठामपणे सुचवते. आमच्या मंडळात नव्याने दिग्दर्शनाकडे वळलेल्या धाकट्या मुलांना मी सामान ठरण्याच्या कितीतरी आधी, पहिले वाचन झाले की लगेच, संहिता घेऊन तेथे पाठवते. त्यांतला एक जण परत आला तो यादीऐवजी नवा प्रश्न घेऊन आला: नायक संपूर्ण नाटकात एकदाही का बसत नाही, असे काकांनी विचारले होते, आणि त्याचे उत्तर त्याला सापडत नव्हते. त्या प्रश्नावर आमची पुढची तालीम उभी राहिली.

नोंदणीबाबत शेवटची सूचना. गणेशोत्सवात मंडळांचे देखावे, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या आणि लोकांकिका, त्यानंतर शाळांची संमेलने, अशी मागणी एकावर एक येते आणि डिसेंबरात चांगल्या लेव्हल शिल्लक राहत नाहीत. स्पर्धेची तारीख कळताच, अंतिम फेरीत पोहोचू की नाही याची वाट न पाहता, सामानाला शब्द टाकून ठेवावा; प्राथमिक फेरीत बाद झालात तर काका नोंदणीचे पैसे ठेवून घेत नाहीत. सोमवारी गोदाम बंद असते, इतर दिवशी दुपारी चारनंतर जावे, फोनवर यादी सांगू नये, आणि संहितेची एक जादा प्रत बरोबर न्यावी, कारण ते तिच्यावर पेन्सिलीने खुणा करतात आणि ती प्रत आपल्याला परत नेता येते.